अडतिसावी ओळ

रेखाताई, तू गेल्यापासून अभ्यासाच्या खोलीचं कुलूप कोणी उघडायचं यावरून आमचं दोनदा वाजलं. किल्ली भाऊजींनी शुभांगीकडे दिली आहे आणि तिला यायला सात होतात. तोवर मी आणि गजू विहाराच्या पायरीवर बसून राहतो. तू असतीस तर नुसतं बसू दिलं नसतंस. "बसले कायले पोट्टे हो? तोंडानं काई म्हनता येत नाई का?" असं म्हणत घटनेची कलमं म्हणायला लावली असतीस. म्हणून आम्ही पायरीवर बसून कलमं म्हणतो. गजू अजूनही बत्तीस आणि बेचाळीसमध्ये गल्लत करतो.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी तुला वर्ध्याला नेलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. रविवारी आयोगाची पूर्व परीक्षा आहे. आमची तिघांची हॉलतिकिटं आम्ही काढली. तुझंही आलं असेल. ते काढायची हिंमत कोणी केली नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मला चार शब्द बोलायला उभं केलं होतं. जन्म आष्टीचा, सासर आर्वीचं, मागे पती आणि दोन मुली, स्वभाव मनमिळाऊ, असं काहीबाही बोलून मी खाली बसलो. मनमिळाऊ! हे तू ऐकलं असतंस तर पाठीत वही घातली असतीस. तू मनमिळाऊ अजिबात नव्हतीस. तू भांडकुदळ होतीस, हट्टी होतीस, आणि दुसऱ्याचं बरोबर असलं तरी पंधरा मिनिटं वाद घातल्याशिवाय मान्य करत नव्हतीस. हे मी बोललो नाही. आणि खरं जे बोलायचं होतं, ते तर मुळीच बोललो नाही. ते आज लिहायला बसलोय. रविवारच्या आत ते लिहून व्हायला हवं, अशी शुभांगीची तंबी आहे. ती तंबी कशासाठी, ते पुढे सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी रोहण्याहून आर्वीला पहिल्यांदा विहाराजवळच्या त्या टिनाच्या खोलीत आलो, तो दिवस तुला आठवायचा आणि तू तो सगळ्यांना चवीनं सांगायचीस. मी नवी बॅग लावून दारात उभा. आत कपाळाला पेन लावून एक बाई बसलेली. मी विचारलं, "काकू, इथं अभ्यास करणारी मुलं कुठं बसतात?" तू मान वर केलीस. "काकू म्हनून राह्यला मले? मी बी मुलगीच आहो इथची. बस तिकडं. अन् आजपासून ताई म्हन, नाई त पेन खुपसन." मला वाटलं, ही कोणाची तरी आई असेल, मुलाला सोडायला आली असेल. पाच मिनिटांनी तू मला सरासरीचं गणित घातलंस. ते मला आलं नाही. तू ते तोंडी सोडवलंस आणि "रोहण्याचा हुशार" असं माझं नाव पाडलंस. पदवी घेऊन आलेल्या माझ्यासारख्याला ते चांगलंच झोंबलं. दोन दिवस मी गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण ते गणित मला घरी बसूनही सुटत नव्हतं.

तू ही परीक्षा का देत होतीस, हे मी तुला फार उशिरा विचारलं. मला वाटायचं, घरी कंटाळा येत असेल. तू सांगितलंस की मुलीच्या एका दाखल्यासाठी कुठल्याशा कार्यालयात चार फेऱ्या घालाव्या लागल्या होत्या, आणि चौथ्या फेरीत तुझ्या लक्षात आलं की टेबलापलीकडचा माणूस तुझ्यापेक्षा वाचायला हळू आहे. "मले त्या टेबलाच्या त्या बाजूले बसाचं हाय," तू म्हणालीस. "बाई आली का एका चकरीत मोकळी कराची. बस, एवढंच." मी तर सगळ्यांसारखा पगार, बदली, लग्न असा हिशेब करत बसलो होतो.

भाऊजी एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांच्यावरून तू किती गणितं रचलीस! आर्वीहून आष्टीला गाडी ताशी चाळीसच्या वेगानं निघाली, वाटेत इतका वेळ थांबली, तर किती वाजता पोचेल? आम्ही कागदावर आकडे मांडायचो आणि तू मध्येच म्हणायचीस, "ही गाडी ह्याईनं दुरुस्त केली हाय. वेळ दुप्पट धरा." भाऊजी डबा द्यायला येऊन दारात उभे असले तर तेही हसायचे. वेग, वेळ, अंतर हा धडा माझ्या डोक्यात शिरला तो असा. आजही असं गणित आलं की मला डेपोतल्या ग्रीसचा वास येतो.

आणि तुझा तो उलटा पेपर. नवीन येणाऱ्याला तो समजावून सांगताना तुझ्या अंगात यायचं. आयोगाच्या पेपरात शंभर प्रश्न आणि हातात एक तास. गणित-बुद्धिमत्तेचे वीस प्रश्न बहुतेक शेवटी असतात. सगळे एकपासून सुरू करतात आणि ऐंशीपर्यंत येताना वेळ संपलेला असतो, डोकं शिणलेलं असतं. तू म्हणायचीस, शंभरपासून मागे या. आधी शंभर ते एक्याऐंशी गणित उरकून घ्या, मग एकपासून ऐंशीपर्यंत जा. "मी सकाळी आधी पोळ्या करतो, मंग भाजी. काऊन? हात दुखाच्या आत पोळ्या झाल्या पाह्यजे." तुझं गणित पक्कं होतं, तुला ते फार सोपं वाटायचं. शुभांगीलाही जमलं. मला आणि गजूलाही त्यातून चार-पाच गुण जास्त मिळायला लागले होते, हे आज कबूल करतो.

त्या पद्धतीला तू एक जोडकामही लावलं होतंस. उत्तरपत्रिकेतले गोल शाईनं काळे करायचे असतात, एकदा केला की खोडता येत नाही. म्हणून डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या क्रमांकावर ठेवूनच गोल काळा करायचा, आणि दर दहा प्रश्नांनी प्रश्नाचा क्रमांक ओठांतल्या ओठांत म्हणून ताडून बघायचा. शुभांगी इमानेइतबारे करायची. मी मात्र नाक मुरडायचो. पहिलीतल्या पोरांना शिकवतात तसं हे काय, असं मला वाटायचं. तू बघत असलीस की अंगठा ठेवायचो, पाठ फिरवलीस की उचलायचो. तुला ते दिसत होतं का, कोण जाणे. दिसलंच असेल.

आणखी एक रीत होती आपली. कोणतीही परीक्षा झाली की आपापल्या उत्तरपत्रिकेची कार्बनची प्रत तुझ्याकडे द्यायची. आयोगाची उत्तरं जाहीर झाली की तू लाल पेन घेऊन सगळ्यांच्या प्रती तपासायचीस. स्वतःची प्रत स्वतः तपासायची नाही असा नियमच होता. "आपलं आपन तपासलं का डोये लबाडी करते," असं तू म्हणायचीस. तुझी प्रत शुभांगी तपासायची. या एका नियमाला आम्ही कोणी कधी हरकत घेतली नाही.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या पेपराकडे येतो.

वर्ध्याच्या एका शाळेत माझा नंबर होता. गणितं शंभरपासून उलटी छान सुटली. वीसपैकी चौदा सोडवली, एकही ओळ चुकली नाही. मग एकपासून सुरू केलं. अडतिसावा प्रश्न येईना, म्हणून सोडला. प्रश्न सोडला, पण त्याची ओळ सोडायची राहिली. एकोणचाळीसचं उत्तर अडतीसच्या ओळीत गेलं, चाळीसचं एकोणचाळीसच्या, आणि तसंच पुढे ऐंशीपर्यंत. अंगठा नव्हता, दर दहाला ताडून बघणं नव्हतं. ऐंशीव्या प्रश्नाचं उत्तर एकोणऐंशीच्या ओळीत भरलं तेव्हा खाली एक ओळ मोकळी दिसली. घड्याळात दोन मिनिटं होती. बेचाळीस ओळी, सगळ्या शाईनं भरलेल्या.

म्हणजे चूक काय आहे आणि कोणाची आहे, हे मला वर्गात बसल्या जागीच कळलं होतं. तुझ्या उलट्या पेपराचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. चूक झाली होती सरळ भागात, आणि तीही तू सांगितलेलं न केल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी खोलीत आलो तर गजू पेढे आणायच्या तयारीत. तो मला म्हणाला, "सांग नं बे, किती मार्क?" तेवढ्यात शुभांगीनंही पुस्तक मिटलं. तू माझ्याकडे बघत होतीस. मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. मी बॅग टेबलावर आपटली आणि म्हणालो, "या उलट्या पेपरानं वाटोळं केलं माझं. मागून सुरू केलं अन् ओळच चुकली. सरळ सोडवला असता तर आज मी पास असतो."

तू फक्त हात पुढे केलास. "प्रत दे." मी दिली. उत्तरं जाहीर झाली त्या दिवशी तू कोपऱ्यात बसून ती तपासलीस आणि घडी करून मला परत दिलीस. "नीट ठेवजो," एवढंच म्हणालीस. मी घडी उघडली नाही. मला माझे गुण बघायचे नव्हते. घरी नेऊन पेटीत तळाशी टाकली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू जाहीर केलंस, "आजपासून सगळ्याईनं सरळ सोडवाचा. उलटा बंद." शुभांगी भांडली. तिचं उलट्यात चांगलं चाललं होतं. तू ऐकलं नाहीस. तुझ्याशी वादात जिंकलेलं कोणी नव्हतंच. मी गप्प बसलो. त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा मी बसून राहिलो, आणि मग दिवस गेले, आणि दिवस गेल्यावर असली गोष्ट बोलणं आणखी अवघड होत जातं.

गेल्या वर्षीची पूर्व परीक्षा आपण चौघांनी सरळ दिली. मी पास झालो. माझं गणित कच्चंच आहे, ते शेवटी राहिलं तरी मला फार फरक पडत नव्हता, आणि या वेळी अंगठा मात्र मी ओळीवरून हलवला नाही. पुढे मुख्य परीक्षेत आपटलो, ती वेगळी गोष्ट. तुझी नऊ गणितं वेळेअभावी राहिली. तू, जी सरासरी तोंडी सोडवते. दोन गुणांनी तू हुकलीस. निकालाच्या दिवशी मी तुझ्यासमोर उभा राहायला धजत नव्हतो, तर तूच मला म्हणालीस, "तोंड काऊन पाडलं? तू पास झाला नं? माहं पुढच्या साली. मी कुठं पळून चालली?"

हे वाक्य मला आता झोपू देत नाही, ताई.

त्यानंतर वर्षभर आपण दुसऱ्याच गोष्टीवरून भांडत होतो. मी नोकरी धरावी असं तुझं म्हणणं. तू म्हणायचीस, खाजगी शाळेत शिकव, दुकानात बस, काहीही कर, पण हातात काहीतरी ठेव, मग परीक्षेची भीती कमी होते. माझं म्हणणं, दुसरी वाट ठेवली की माणूस पहिल्या वाटेवर जीव लावत नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "तुझी कुठं आहे दुसरी वाट?" तू शांतपणे म्हणालीस, "माह्या घरी तीन मानसं जेवाची वाट पाहून राह्यली रे. मले दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या वाटा हायेत." तो वाद अर्धाच राहिला. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं. निदान पंधरा मिनिटं तरी तू भांडायला हवी होतीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर भाऊजी मला बाजूला घेऊन गेले. त्यांना कमी बोलण्याची सवय. बराच वेळ ते खिशातला पाना काढायचे आणि परत ठेवायचे. मग म्हणाले, "प्रफुल, एक इचारू का? तुमच्या त्या उलट्या पेपरात खरंच दोष होता का?"

मी विचारलं, "का हो भाऊजी?"

"नाई, तिचं गनित एवढं पक्कं. गेल्या साली मी तिले म्हनलं, अवं, पोट्ट्याईले सरळ सांगतलं त सांगतलं, तू त तुह्या पद्धतीनं सोडव. तिथं कोन पाहाले येते? त मले म्हने, जे मी त्याईले सोडाले लावलं, तेच करून मी पुढं गेली त त्याईले तोंड कसं दाखवू? मले त काई समजलं नाई. तुले समजते का?"

आणि मी म्हणालो, "नाही भाऊजी."

दुसऱ्यांदा. तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर, तुझ्या नवऱ्याशी मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. या वेळी रागानंही नाही, नुसत्या भित्रेपणानं.

रोहण्याला घरी आलो आणि पेटी उपसली. तळाशी ती घडी होती. दोन वर्षांनी पहिल्यांदा उघडली. शंभरपासून एक्याऐंशीपर्यंत तुझ्या लाल खुणा, अकरा बरोबर, तीन चूक. मग एकपासून सदतीसपर्यंत लाल खुणा. आणि अडतिसाव्या ओळीपुढे शिसपेन्सिलीनं काढलेला एक बारीक बाण, खाली वळलेला. त्यापुढच्या प्रत्येक ओळीत तू माझं उत्तर एक ओळ खाली सरकवून तपासलं होतंस, पेन्सिलीनंच, फिकट. खाली कोपऱ्यात दोन बेरजा होत्या. एक मला मिळालेले गुण. दुसरी, ओळ चुकली नसती तर मिळाले असते ते. दुसऱ्या बेरजेभोवती तू गोल केला होतास. त्या बेरजेनं मी पास होत होतो.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आईनं दोनदा जेवायला हाक मारली. तू तेव्हा का बोलली नाहीस, याचं उत्तर मी शोधत होतो. मला एकच सुचतं. त्या आठवड्यात मी नागपूरला मावसभावाच्या मोबाइलच्या दुकानात जायचं जवळजवळ ठरवलं होतं. बाबांनी "आता बस झालं" म्हटलं होतं आणि हे मी तुला सांगितलं होतं. सगळ्यांसमोर तू मला खोटं पाडलं असतंस तर मी त्याच दिवशी गेलो असतो आणि परत तोंड दाखवलं नसतं. मी माझा स्वभाव ओळखतो, आणि तूही ओळखत होतीस. बहुतेक म्हणून तू ते आपल्या अंगावर घेतलंस. पण हा माझा अंदाज. विचारायला तू नाहीस.

आणि खरं सांगू, मला तुझा रागही आला. असं मोठं मन कोणी करायला सांगितलं होतं? चार दिवसांनी मला एकट्याला बोलावून कानाखाली वाजवली असतीस तर चाललं असतं. मी रडलो असतो, दोन दिवस रुसलो असतो आणि तिसऱ्या दिवशी आलो असतो, पहिल्यांदा आलो तसाच. मग उलटा पेपर बंद झाला नसता. मग गेल्या वर्षी तुझी नऊ गणितं राहिली नसती. मग तू मुख्य परीक्षेचा निकाल लागून एखाद्या टेबलाच्या त्या बाजूला बसली असतीस, आजारी पडायच्या आधी महिनाभर का होईना, चार बायांना एका चकरीत मोकळं केलं असतंस. हा विचार मला सोडत नाही. तू गप्प राहून मला वाचवलंस, आणि मी गप्प राहून तुझं ते टेबल घालवलं.

काल सकाळी खोलीत मी सगळं सांगितलं. शुभांगी सात वाजता आली, कुलूप काढलं, आणि ती खुर्ची पुसत असतानाच मी बोलायला लागलो, कारण बसलो असतो तर परत गप्प बसलो असतो. प्रत टेबलावर ठेवली. बाण दाखवला. भाऊजींचा प्रश्न सांगितला, आणि त्यांना मी काय उत्तर दिलं तेही.

गजूनं प्रत उचलून बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "म्हनजे दोन साल आमी फुकटचा सरळ सोडवून राह्यलो का बे?" मी मान हलवली. त्यानं खाली पाहिलं. "आता सांगतलंच हाय त मीही सांगतो. मी घरी उलटाच सोडवतो. तीन महिने झाले. ताईले सांगाची हिंमत नाई झाली. मार्क जास्त येते नं भाऊ, काय करू?"

मला हसू फुटलं. तुझ्या मरणानंतर मी पहिल्यांदा खळखळून हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो. गजूही रडत होता.

शुभांगी हसली नाही. ती म्हणाली, "माहे गेल्या साली चार गनितं राह्यले. ताईचे नऊ." पिशवी उचलली आणि बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. चारातली एक तू गेलीस, दुसरी माझ्यामुळे चालली. गजू तिच्यामागे जायला उठला तर मी त्याला थांबवलं. तिचा राग खरा होता आणि तिला तो घेऊन बसण्याचा हक्क होता.

दहा-पंधरा मिनिटांनी ती परत आली. डोळे लाल, पण आवाज ठाम, अगदी तुझ्यासारखा. "आमाले सांगून तू मोकळा झाला. तिले कोन सांगन?"

मी म्हणालो, "शुभांगी, ती आता..."

"मले मालूम हाय ती नाई. तरी तिले सांग. लिहून सांग. अन् रविवारच्या आधी सांग. असं पोटात घेऊन पेपराले बसू नको." मग खुर्ची ओढून बसली. "अन् भाऊजीकडे मी नाई येनार तुह्यासोबत. तुहा तू जाजो."

त्यानंतर तिनं मोबाइलवर एका तासाची घंटा लावली आणि म्हणाली, "चला. जुना पेपर काढा. शंभरपासून."

दोन वर्षांनी आम्ही उलटा सोडवला. घंटा झाली तेव्हा शुभांगीचे गणिताचे वीसच्या वीस प्रश्न झाले होते. गजूचे सोळा. माझे नेहमीप्रमाणे बारा, त्याला तूही काही करू शकली नसतीस. प्रती एकमेकांत बदलल्या, लाल पेनानं तपासल्या. शुभांगीनं एकदा मान वर न करता विचारलं, "रविवारी वर्ध्याले कोनत्या गाडीनं जाचं?" तेव्हा मला कळलं की आपली खोली चालू राहणार आहे. आष्टीच्या दोन मुलींनीही काल फोन केला, रेखाताईची अभ्यासिका हीच का म्हणून. गजूनं "हव, हेच" असं सांगून टाकलं आणि सोमवारपासून बोलावलं. तुझ्याच गावच्या आहेत म्हणे. भांडकुदळच असणार.

काल संध्याकाळी मी डेपोत गेलो. भाऊजी एका गाडीखाली झोपून काम करत होते. मी तिथंच खाली बसलो आणि गाडीखालच्या माणसाला सगळं सांगितलं. मला नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "बरं झालं सांगतलं. मले वाटे, तिच्यातच काई खोट होती म्हनून तिनं बंद केलं." ते बाहेर आले, हात पुसले. रागावले की नाही ते मला कळलं नाही. म्हणाले, "पोरीईले सांगतो मी आज. त्याईच्या मायची पद्धत बराबर होती म्हनून." एवढं बोलून ते परत गाडीखाली गेले.

ते ऐकून मला समजलं की मी काय केलं होतं. दोन वर्षं तुझ्या घरातल्या माणसांना, तुझ्या मुलींना वाटत होतं की आई चुकली होती.

तर ताई, आता तुला. तू माझ्यासमोर बसली आहेस, लाल पेन हातात आहे, असं समजून सांगतो. तुझ्या पेपरात काही दोष नव्हता. ओळ माझी चुकली होती. तू सांगितलेलं मी केलं नव्हतं, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर मी खोटं बोललो होतो. तुला हे माहीत होतं, तरी हे माझ्या तोंडून तुला ऐकायला मिळायला हवं होतं. ते मी दिलं नाही. त्याची माफी मागतो. तू माझ्यासाठी जे केलंस त्याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, पण मी नागपूरला गेलो नाही, अजून इथेच आहे, हे तुझ्यामुळे.

रविवारी सकाळी साडेसहाच्या गाडीनं आम्ही तिघं वर्ध्याला जाणार आहोत. मी शंभरपासून सुरू करणार. आणि या वेळी चुकलो, तर बाहेर आल्यावर कोणी काही विचारायच्या आधी म्हणेन, मी चुकलो.